आत्यानं श्रीलंकेहून आणलेला मूनस्टोन: खरा का, किंमत काय, आणि अंगठी करू का पदक?

हरिपूरची_माहेरवाशीण

नमस्कार मंडळी, इथं नेहमी नुसतं वाचायला येते, आज पहिल्यांदाच विचारतेय त्यामुळं चुकलंमाकलं सांभाळून घ्या. माझी आत्या मागच्या महिन्यात ज्येष्ठ नागरिकांच्या ट्रिपबरोबर श्रीलंकेला जाऊन आली. तिकडं गॉल जिल्ह्यात मीटियागोडा म्हणून गाव आहे, तिथं मूनस्टोनच्या खाणी दाखवायला नेलं होतं, आणि खाण दाखवून झाली की शेजारच्या दुकानात नेतातच, ते पण झालं. आत्यानं घासाघीस करून नऊ हजारांना एक खडा आणला, म्हणजे त्यांचे नऊ हजार, आपले अडीच-पावणेतीन झाले असतील. माझ्या लेकीला दिलाय. तिचा वाढदिवस जूनमधला, आणि जूनचा बर्थस्टोन मोती नाहीतर मूनस्टोन असं त्या दुकानदारानं पटवलं म्हणे.

खडा अंडाकृती आहे, चिंचोक्यापेक्षा जरा लहान, वरून फुगीर आणि खालून सपाट. सरळ धरून बघितला तर काही नाही, पाण्यात थेंबभर दूध पडल्यासारखा. पण बल्बखाली जरा कलता केला की आतून निळा ढग उठतो आणि खड्यावरून सरकत जातो, अजून कलता केला की गायब. लेक परीक्षेचा अभ्यास सोडून तासभर तेच करत बसली होती, शेवटी हातातून काढून घेतला.

आमच्या नेहमीच्या सराफांकडं नेला तर त्यांनी भिंगसुद्धा लावलं नाही, "काच असंल ओ वहिनी, आणि खरा असला तरी याला काय किंमत नसती, बसवून देतो पण नंतर परत घ्या म्हणून येऊ नका." मला जरा लागलंच ते. मग ऑनलाइन बघायला बसले तर 'रेनबो मूनस्टोन' पाचशेला पण आहे आणि पन्नास हजाराला पण आहे. ताडून बघावं म्हणून साडेसहाशेचा एक मागवला, तर तो आत्याच्या खड्यापेक्षा जास्तच चमकतोय की, निळा, मधेच पिवळा. आता डोकं चालेना. शिवाय लेकीकडं मैत्रिणीनं दिलेलं 'मूनस्टोनचं' ब्रेसलेट आहे ते वेगळंच. आणि सासूबाई म्हणतात पत्रिका दाखवल्याशिवाय घालू नका, चंद्राचा खडा सगळ्यांना सोसत नाही.

तर आत्याचा खडा खरा का ते कसं ओळखायचं, किंमत काय असते, आणि अंगठी चांगली का पदक? लेकीला अंगठीच पाहिजे. चांदीत करावा का सोन्यात?

कोंदणवाला_मिरज

ताई, खडा न बघता खराखोटा सांगणारा माणूस एकतर मोठा ज्योतिषी असतो नाहीतर मोठा थापाड्या, मी दोन्ही नव्हे. पण तुम्ही जे लिहिलंय ना, सरळ बघितलं तर काही नाही आणि कलता केला की ढग सरकतो, ते वाचून बरं वाटलं. मूनस्टोनची सगळी मजा त्या सरकण्यात आहे, नुसतं चमकायला काय, बांगडीचा चुरा पण चमकतो.

काचेचा जो माल येतो त्याला बाजारात ओपलाइट म्हणतात. तो कुठूनही बघा निळसरच दिसतो, कलता करा, उलटा करा, निळेपणा जागचा हलत नाही. आणि खिडकीकडं धरून आरपार बघितला तर पिवळसर नारिंगी झाक मारतो. भिंगाखाली आत गोल बुडबुडे सापडले तर विषयच संपला. तुमच्या लेकीचं ब्रेसलेट आधी असं उजेडाकडं धरून बघा, मला त्याचाच संशय जास्त आहे.

खऱ्या मूनस्टोनमधे बऱ्याचदा दुसरंच काहीतरी दिसतं. आत एक बारीक चीर असते आणि तिला दोन्हीकडून आखूड आखूड पाय फुटल्यासारख्या रेघा असतात, अगदी गोम बसल्यासारखी. आमचे वडील गिऱ्हाइकाला भिंग द्यायचे आणि म्हणायचे "बघा, यातली खरी गोम ही!" गिऱ्हाईक हसायचं आणि खडा घ्यायचं. आता गोम असली म्हणजे शंभर टक्के खरा आणि नसली म्हणजे खोटा असं पण नाही, एकदम स्वच्छ खडे पण निघतात आणि ते जास्त महाग असतात. पण दिसली तर घाबरू नका, तडा गेलाय म्हणून परत द्यायला जाऊ नका.

अजून एक, दुकानात वर छताला चाळीस एलईडी लावलेले असतात, त्या उजेडात हा खडा मेल्यासारखा दिसतो कारण सगळीकडूनच उजेड येतो. एकच दिवा पाहिजे, मोबाइलची टॉर्च पण चालते, खाली काळं फडकं, आणि खडा हळू हळू डोलवायचा. तुमच्या सराफांनी त्या झगमगाटात बघितला असणार, त्यांची पण फार चूक धरू नका, त्यांचं सगळं लक्ष सोन्यात, या खड्याचं गिऱ्हाईक आपल्याकडं कमीच.

अंगठीचं म्हणाल तर माझं मत नको. लेक कॉलेजला जात असणार, गाडी चालवणार, भांडी घासणार (घासत असली तर), आणि हा खडा नाजूक. कठीणपणाच्या मापावर सहा ते साडेसहा. आपल्याकडच्या धुळीत वाळूचा जो कण असतो तो सात. म्हणजे नुसतं धुळीच्या हातानं पुसत राहिलं तरी दोन-तीन वर्षात वरची पॉलिश मरते, आणि पॉलिश मेली की ढग पण मंद होतो. पदक नाहीतर कानातले, यात तो जन्मभर टिकतो. अंगठी करायचीच असेल तर चार टोकांनी पकडलेली अजिबात नको, सगळीकडून पत्र्याची कड वळवून बंद कोंदण करून घ्या आणि खडा कडेच्या वर फार उंच येऊ देऊ नका.

आणि कारागिराला बजावून सांगा, झाळकाम सगळं आधी, खडा शेवटी. खडा बसवल्यावर कडी निसटली म्हणून परत झाळ दिली की आतनं तडकलाच म्हणून समजा.

वाघ्या_घेवडा

कोंदणवाले दादा म्हणतात त्यावर माझा अंगठा, म्हणजे अक्षरशः अंगठाच म्हणा. मी कोरेगावची. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला नवऱ्यानं मूनस्टोनची अंगठी केली होती, चांगला करवंदाएवढा खडा, चार नख्यांमधे उंच बसवलेला, दिसायला काय सुरेख. आठ महिने घातली. एक दिवस पाट्यावर ओल्या खोबऱ्याचं वाटण वाटत होते (मिक्सर बिघडला होता, नाहीतर पाटा कोण काढतंय), वरवंटा सरकवताना अंगठी पाट्याच्या कडेला टक्कन लागली. आवाज पण फार नाही झाला. बघते तर खडा मधून सरळ रेषेत दोन तुकडे, सुरीनं कापल्यासारखा गुळगुळीत. एक तुकडा नख्यांत आणि दुसरा वाटणात. अर्धा तास वाटण चिवडत बसलो दोघं, सापडला पण त्या दिवशीचं जेवण वाया.

मला अजून कळलेलं नाही की फुटला तर वेडावाकडा फुटावा ना, इतका सरळ कसा कापला गेला. कुणाला माहीत असेल तर सांगा.

काळा_पाषाण

वाघ्याताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आणि मूळ प्रश्नाचं उत्तर एकच आहे, म्हणून जरा लांबण लावतो. मी साताऱ्यात बरीच वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे, सकाळी अजिंक्यतारा चढतो आणि दुपारी असले धागे वाचतो.

मूनस्टोन म्हणजे फेल्डस्पार. पृथ्वीच्या कवचात सगळ्यात जास्त सापडणारा खनिजांचा गट हाच. त्यात दोन जातींचं फेल्डस्पार एकत्र असतं, एक पोटॅशियमवालं ऑर्थोक्लेज आणि एक सोडियमवालं आल्बाइट. खूप गरम असताना दोघं एकजीव असतात, आणि खडक सावकाश, फार सावकाश थंड होत गेला की त्यांचं जमेनासं होतं, मग एकाच घरात राहून वेगळ्या चुली मांडाव्या तसे पदर सुटतात. एक थर याचा, एक थर त्याचा, परत याचा. दुधावर सायीचे थर धरतात तसं समजा, फक्त हे थर डोळ्याला दिसणार नाहीत इतके पातळ. प्रकाश आत शिरला की या थरांवर विखुरतो आणि तोच तुमचा ढग. थर फार पातळ असले की निळा दिसतो, जाड झाले की नुसता पांढरट. म्हणून निळा महाग आणि पांढरा स्वस्त, यात दुकानदाराची लबाडी नाही, खडक किती निवांत थंड झाला त्याचा हिशोब आहे. या चमकेला ॲड्युलरेसन्स म्हणतात, स्वित्झर्लंडमधल्या अड्युला पर्वतावरून.

आता फुटण्याचं. फेल्डस्पारला दोन दिशा अशा असतात की तिथून तो सहज सुटतो, आणि त्या दोन दिशा एकमेकींना जवळपास काटकोनात. लाकूड रेषेत चिरतं ना, तसं. पाट्याची कड नेमकी त्या दिशेला लागली म्हणून सरळ कापल्यासारखा गेला. याच गुणामुळं अल्ट्रासॉनिक मशीनमधे किंवा वाफेवर हा खडा धुवायचा नसतो. कोमट पाणी, थोडा साबण नाहीतर रिठा, मऊ ब्रश, बास.

तुमचा ऑनलाइनचा 'रेनबो' खोटा नाही हं ताई, पण शास्त्राच्या दृष्टीनं तो मूनस्टोन पण नाही. तो लॅब्रॅडोराइट आहे, पांढरा स्वच्छ असला की व्यापारात त्याला रेनबो मूनस्टोन म्हणतात. त्याच फेल्डस्पार घराण्यातला, पण कॅल्शियम-सोडियमच्या शाखेतला. चुलत भाऊ म्हणा. गंमत सांगू का, आपला जो काळा दगड आहे ना, दख्खनचा बेसाल्ट, ज्याच्यावर आख्खा सातारा बसलाय, त्याच्यात पण याच लॅब्रॅडोराइटचे स्फटिक खच्चून भरलेत. पण लाव्हा जमिनीवर येऊन भराभर थंड झाला त्यामुळं ते राहिले बारीक. मी रोज अजिंक्यताऱ्यावर याच चुलत भावांना तुडवत जातो, एकानं पण आजवर ढग दाखवला नाही.

ओळखायची एक साधी पद्धत सांगतो, खड्याला काही होत नाही. सराफाचा काटा तीन दशांश दाखवतो, तोच पाहिजे, घरचा स्वयंपाकाचा नको. आधी खडा कोरडा तोलायचा. मग काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवायचा आणि आकडा शून्य करायचा. आता खडा बारीक दोऱ्याला बांधून त्या पाण्यात पूर्ण बुडवायचा, पण तळाला आणि काठाला टेकू द्यायचा नाही, दोरा हातात. काटा जो आकडा दाखवेल तो खड्यानं सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्या आकड्यानं भागा. मूनस्टोन असेल तर २.५६ ते २.५९ च्या आसपास उत्तर येतं, रेनबो २.७० च्या जवळ. काचेचं मात्र काही खरं नाही, ती बनवेल तशी बनते, त्यामुळं हा आकडा आणि सरकता ढग दोन्ही जुळले पाहिजेत. बुडबुडे खड्याला चिकटले तर ब्रशनं झटकून टाका, नाहीतर उत्तर चुकतं. वर्गात दरवर्षी निम्मी पोरं तिथंच चुकायची.

सूर्यकांत_तासगाव

विषय थोडा बाजूला जातोय पण राहवत नाही. मूनस्टोन म्हणजेच आपला चंद्रकांत ना? माझ्या थोरल्या भावाचं नाव चंद्रकांत आणि माझं सूर्यकांत. आजोबांनी ठेवलेली नावं. काळा पाषाण सर, सूर्यकांत पण खडा असतो का खरंच का आजोबांनी जोडी जमवायला ठेवलं?

काळा_पाषाण

हल्ली ज्याला सूर्यकांत म्हणून विकतात तो सनस्टोन, आणि तो पण फेल्डस्पारच! त्याच्या आत हेमॅटाइटचे नाहीतर तांब्याचे बारीक पत्रे असतात म्हणून तो चमचम करतो. तेव्हा आजोबा चुकले नाहीत, खनिजशास्त्राप्रमाणं सुद्धा तुम्ही भाऊच आहात.

सूर्यकांत_तासगाव

भावाला स्क्रीनशॉट पाठवला. बांधाचं भांडण चालू असताना हे वाचून त्यानं अंगठा दाखवलाय फक्त.

बाकी आजी सांगायची की चंद्रकांत मण्याला पौर्णिमेच्या चांदण्यात पाझर फुटतो. संस्कृत कवी पण तेच लिहून गेलेत. मी लहानपणी कोजागरीला आजीच्या गळ्यातला मणी हळूच गच्चीवर ठेवला होता आणि सकाळी खरंच त्याच्यावर पाणी होतं! गल्लीभर सांगत सुटलो. मग वडलांनी शेजारच्या पत्र्यावर, पाण्याच्या टाकीवर, सायकलच्या सीटवर हात फिरवून दाखवला. दव पडलेलं.

गलाई_विटा_ते_कोइमतूर

राम राम सांगलीकर. मी मूळचा विट्याजवळचा, तिसरी पिढी गलाईत, आता कोइमतूरला दुकान आहे. आपल्या खानापूर, आटपाडी, तासगावची माणसं सोनं-चांदी गाळायला सगळ्या भारतात पसरलीत ते तुम्हाला माहीतच आहे. इथं आल्यावर मला खड्यांचा नाद लागला कारण इथनं पूर्वेला तिरुप्पूर जिल्ह्यात कांगेयम म्हणून गाव आहे, त्या पट्ट्यात मूनस्टोन निघतो. कांगेयमचं नाव बैलांसाठी पण मोठं, अगदी आपल्या खिलारासारखंच. पहिल्यांदा गेलो ते बैल बघायलाच आणि येताना खिशात खडे घेऊन आलो, बायकोनं विचारलं बैल कुठाय.

आपल्याकडचा माल म्हणजे भारतातला, त्याच्यात रंग लय. पांढरा, राखाडी, पीच, मातकट, हिरवट सुद्धा. अंगचा रंग दाट असतो आणि वर पांढरी झाक. दिसायला चांगलाच असतो पण निळी झाक आणि काचेसारखं स्वच्छ अंग जे म्हणतात ते श्रीलंका नाहीतर ब्रह्मदेशाच्या मालात. आणि तसला माल आता कमी झालाय त्यामुळं भाव वर गेलाय. मीटियागोडाचं नाव निळ्यासाठीच आहे. तेव्हा ताई तुमच्या आत्यानं गाव तरी बरोबर गाठलं.

भावाचं सांगायचं तर हिऱ्यासारखा याला ठरलेला तक्ता नाही. साधे पांढऱ्या झाकेचे मी इथं कॅरटला शंभर-दीडशे रुपयाच्या आसपास घेतलेत, आणि चांगल्या निळ्याला त्याच्या कितीतरी पट मोजलेत. बघायचं काय तर झाक निळी का पांढरी, अंग स्वच्छ का ढगाळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झाक मधोमध येते का. हे कटिंगवाल्याच्या हातात असतं. आतले थर जसे बसलेत त्याच्याशी खालचा सपाट भाग जुळवून कापला तर ढग बरोबर घुमटाच्या टाळूवर येतो, नाही जुळवला तर एका कडेला लपून बसतो. वजन वाचवायला वाकडा कापलेला मोठा खडा घेण्यापेक्षा नीट कापलेला लहान घ्या. याला सहसा पैलू पाडत नाहीत, घुमटच करतात, ते पण ढगासाठीच. फार चपटा घुमट असला की ढग मरगळतो.

ऑनलाइन व्हिडिओवर जाऊ नका. काळं कापड, एक टॉर्च, आणि कॅमेऱ्याचा रंग चढवलेला, त्याच्यात नदीतला गोटा पण निळा दिसंल. आणि रेनबोच्या काही खड्यांना खालून काळा थर दिलेला असतो रंग उठावा म्हणून, तो नखानं खरवडून बघा.

तुमचे सराफ एका बाबतीत खरं बोलले, हा परत घेणारं कुणी भेटत नाही. सोनं मोडून पैसे येतात, मूनस्टोन मोडून फक्त तुकडे येतात, वाघ्याताईंना विचारा. पण मग साडी तरी कोण परत घेतंय? लोक हजारोंची साडी घेतात आणि दोनदा नेसतात.

ग्रहमान_औंध

पत्रिकेचा मुद्दा सगळ्यांनी सोडूनच दिला. परंपरेत मूनस्टोन मोत्याचं उपरत्न मानतात, चंद्रासाठी, चांदीत, करंगळीत, सोमवारी. ज्यांना श्रद्धा आहे त्यांनी जरूर करावं, मी स्वतः घालतो. पण सासूबाईंना सांगा की नुसता दागिना म्हणून पदक घालायला कुणी पत्रिका बघत नाही, मोत्याची नथ घालताना बघतो का आपण?

माझी तक्रार वेगळी आहे, वजनाची. ज्योतिषी सांगतात "सव्वापाच रत्ती", आणि दुकानात रत्ती दोन प्रकारची असते. जुनी रत्ती म्हणजे आपली गुंज, ९६ गुंजांचा तोळा, ती भरते साधारण ०.६१ कॅरट. आणि खडे विकणारे जी पक्की रत्ती म्हणतात ती साधारण ०.९१ कॅरट. म्हणजे सव्वापाच रत्ती एका हिशोबानं ३.२ कॅरट आणि दुसऱ्या हिशोबानं पावणेपाच. मला एका ठिकाणी पक्क्या रत्तीचे पैसे घेऊन कच्च्या रत्तीचा खडा दिला होता, घरी आल्यावर गणित केलं तेव्हा कळलं, तोपर्यंत अभिषेक पण करून झाला होता. तेव्हापासून मी ग्रॅमनं विचारतो. पाच कॅरटचा एक ग्रॅम, यात कुणाला लबाडी करता येत नाही.

कोंदणवाला_मिरज

अभिषेक झाल्यावर खडा बदलून मागता येत नाही हे त्यांना पण माहीत असतं.

सोनं का चांदी राहिलं होतं. ताई चांदीच करा, ९२५ ची, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. निळ्या ढगाला पांढरा धातू शोभतो, पिवळ्या सोन्यात तो थोडा हिरवट मारतो असं माझं मत, दुसऱ्याचं वेगळं असू शकतं. परदेशात १९०० च्या सुमाराला फ्रान्सचा लालीक आणि अमेरिकेतला टिफनी यांनी मूनस्टोन भरपूर वापरलाय, आमच्या वडिलांकडं तसल्या दागिन्यांच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात सोन्यात बसवलेले पण होते आणि झकास दिसायचे, तेव्हा नियम काही नाही. खडा स्वच्छ असेल तर पाठ पूर्ण उघडी ठेवू नका, मागं पत्रा बंद करून आतली बाजू काळी करून घ्या, ढग दुप्पट उठतो. पण मग पाणी आत जाता कामा नये, अंघोळीला काढून ठेवायचं.

हरिपूरची_माहेरवाशीण

बापरे एवढं सगळं! सगळ्यांचे आभार, वाचून वाचून लेकीला पण ऐकवलं.

काल गणपती पेठेत एका वयस्कर कारागिरांकडं गेले (नेहमीच्या सराफांकडं नाही!). काळा पाषाण सरांची पद्धत मोबाइलवर वाचून दाखवली तर ते आधी हसले, मग त्यांनाच उत्सुकता लागली. चहाचा छोटा काचेचा ग्लास धुवून काट्यावर ठेवला. दोरा म्हणून मंगळसूत्र ओवायचा धागा घेतला तर तोच तरंगायला लागला, मग माझ्या केसाला बांधला खडा! पंखा बंद करायला लावला कारण वाऱ्यानं काटा नाचत होता, दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक घाम पुसत बघत उभं. आत्याचा खडा कोरडा १.२४० ग्रॅम, म्हणजे ६.२ कॅरट. पाण्यात आकडा आला ०.४८१. भागाकार केला, २.५८!! मी दुकानात जवळजवळ ओरडलेच. मग रेनबो केला, १.८६० आणि ०.६९०, उत्तर २.७०. सर तुम्ही म्हणाला तेच. कारागीर काका म्हणाले चाळीस वर्षं काट्यावर काम करतोय पण खड्याला पोहायला पहिल्यांदाच लावलं.

मग दिवे घालवून एका टॉर्चवर बघितला. ढग टाळूच्या जरा डावीकडं येतो, अगदी मधोमध नाही. काकांनी भिंग दिलं आणि मला ती गोम पण दिसली, एका कडेला, अगदी बारीक. आता मला ती गोमच जास्त आवडायला लागलीय.

पदकच करायचं ठरलं, चांदीत, बंद कोंदण, मागं काळं. ढग डावीकडं आहे म्हणून काका खडा थोडा तिरका बसवणार आहेत, म्हणजे गळ्यात घातल्यावर समोरच्याला बरोबर मधे दिसेल. लेकीनं अंगठीचा हट्ट वाघ्याताईंची पोस्ट वाचून सोडला. रेनबोची मात्र अंगठी करून देतेय, साडेसहाशेचा आहे, फुटला तर फुटला. सासूबाईंना ग्रहमान काकांचं मोत्याच्या नथीचं सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत पण संध्याकाळी स्वतःच टॉर्च घेऊन बघत बसल्या होत्या.

आत्याला फोन करून सांगितलं, तर ती म्हणते तिथं त्याच भावात अजून एक होता, मोठा, पण तिनं घेतला नाही. आता ती मला रोज फोन करून हळहळतेय.

आणि हो, ब्रेसलेट उजेडाकडं धरलं. संत्र्याच्या गोळीसारखं नारिंगी. भिंगात बुडबुडे मोजले, एका मण्यात सात. आता मैत्रिणीला सांगायचं का?

वाघ्या_घेवडा

अजिबात सांगू नका.

गलाई_विटा_ते_कोइमतूर

सांगू नका. पदक झाल्यावर फोटो टाका, एका टॉर्चवर, रंग न चढवता.